कुलूप लावलंत, आता किल्लीचंही लिहा

अमेरिकेतल्या एखाद्या नॅशनल फॉरेस्टमध्ये बंद केलेल्या ऑफ-रोड ट्रेलच्या तोंडाशी काय दिसतं? जाड लोखंडी नळीचं आडवं फाटक. कडेने गाडी घालता येऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना आणून ठेवलेले मोठे धोंडे. शेजारी तपकिरी फायबरग्लासची पट्टी, आणि प्लास्टिकच्या पाकिटात घालून डकवलेला आदेश. आदेशावर क्रमांक असतो, कलम असतं, सोबत नकाशा असतो, वन अधीक्षकाची सही असते. आदेश मोडला तर ५,००० डॉलरपर्यंत दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, हेही लिहिलेलं असतं. बहुतेक वेळा एक गोष्ट मात्र सापडत नाही: हे फाटक पुन्हा उघडायचं तर काय काय व्हायला हवं, ते कोणी करायचं आणि झालं की नाही हे कोण, कधी येऊन बघणार.

माझं सगळं भांडण त्या न लिहिलेल्या ओळीसाठी आहे. ट्रेल बंद करावाच लागतो अशी वेळ येते, आणि ती वेळ आली तर तो बंदच व्हायला हवा. पण उघडण्याची अट न लिहिता घातलेलं कुलूप म्हणजे त्या ट्रेलवर पाणी सोडल्यासारखं आहे. शनिवार-रविवारी स्वतःच्या पेट्रोलने, स्वतःची पहार-फावडी घेऊन येणारी माणसं तिथूनच तुटायला लागतात.

थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. नॅशनल फॉरेस्ट आणि नॅशनल पार्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ही वनं कृषी खात्याखालच्या फॉरेस्ट सर्व्हिसकडे आहेत, १९०५ पासून. १५४ वनं आणि २० गवताळ प्रदेश मिळून १९.३ कोटी एकर, म्हणजे सगळ्या महाराष्ट्राच्या सुमारे अडीचपट जमीन. १९६० च्या कायद्याने या जमिनीचा वापर अनेक कामांसाठी करायचा असं ठरवलं: लाकूड, चराई, पाणी, वन्यजीव आणि मैदानी करमणूक. त्यामुळे जीप, एटीव्ही (हँडलची छोटी चारचाकी) आणि डर्ट बाइकला तिथे जी जागा आहे ती कायद्याने आहे, कोणाच्या मेहेरबानीने नाही. कॅलिफोर्निया, कोलोरॅडो किंवा वॉशिंग्टनमध्ये राहणाऱ्या ज्या मराठी मंडळींच्या दारात फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी उभी आहे, त्यांनी हे नीट माहीत करून घेतलेलं बरं.

या जागेला मर्यादाही कायद्यानेच घातल्या. १९७२ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी आणि १९७७ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी काढलेल्या आदेशांनी सांगितलं की वाहनांच्या वाटा ठरवताना माती, पाणी, झाडोरा यांचं नुकसान, वन्यप्राण्यांना होणारा त्रास आणि इतर लोकांशी होणारे खटके कमीत कमी राहतील असं पाहायचं. पुढे २००५ मध्ये फॉरेस्ट सर्व्हिसने ट्रॅव्हल मॅनेजमेंट रूल आणला. तोवर अनेक वनांत ‘बंदची पाटी नसेल तर उघडं’ असा हिशेब होता. नव्या नियमाने तो उलटा केला: प्रत्येक वनाचा मोटर व्हेइकल यूज मॅप निघेल आणि त्या नकाशावर जे नाही ते बंद. हा नकाशा फुकट मिळतो, काळा-पांढरा असतो, त्यावर चढ-उताराच्या रेषा नसतात, आणि वाचायला तो अवघड आहे. पण कायदा त्याच्यात आहे. वाटेवरची पाटी कोणी उपटून नेली असेल, फाटक सताड उघडं असेल, तरी नकाशावर वाट नसेल तर तुम्ही चुकलेलेच.

हा नियम तत्त्वाने बरोबर होता असं मी ठामपणे म्हणतो. मोकळ्या रानात कुठेही गाडी घालायची मुभा म्हणजे रानाची वाट लागणार हे उघड आहे. अडचण अंमलबजावणीत झाली. वर्षानुवर्षं वापरात असलेल्या हजारो मैलांच्या वाटा कोणत्याच सरकारी यादीत नव्हत्या. ज्यांची नोंद मुदतीत झाली नाही त्या नकाशावर आल्या नाहीत, आणि नकाशावर नाहीत म्हणून आपोआप बंद झाल्या. ज्या आल्या, त्यांतल्या काही पुढे कोर्टात अडकल्या. २०१५ मध्ये मोंटानातल्या स्नोमोबाइलच्या एका प्रकरणात नवव्या सर्किटच्या न्यायालयाने (पश्चिमेकडच्या राज्यांसाठीचं केंद्रीय अपील न्यायालय) सांगितलं की नुकसान कमी ठेवण्याचे निकष ‘विचारात घेतले’ एवढं म्हणून भागणार नाही, ते निकष प्रत्यक्ष कसे लावले ते कागदावर दिसलं पाहिजे. न्यायालयाचं म्हणणं रास्तच आहे. परिणाम मात्र असा की वाट उघडी ठेवायला भरपूर कागद लागतात आणि बंद करायला थोडे पुरतात. माणसं कमी असलेलं कार्यालय कोणता रस्ता धरणार हे सांगायला नको.

२००५ च्या नियमातच एक कलम आहे, २१२.५२. वाहनांमुळे माती, झाडोरा, वन्यजीव, पुरातन अवशेष किंवा लोकांची सुरक्षितता यांची लक्षणीय हानी होते आहे असं अधिकाऱ्याला आढळलं, तर त्याने ती वाट ताबडतोब बंद करायची. त्यासाठी लोकांची मतं मागवत बसायची गरज नाही. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच वाक्याचा पुढचा भाग सहसा कोणी वाचत नाही: ही बंदी, ती हानी कमी किंवा दूर होईपर्यंत आणि पुन्हा होऊ नये म्हणून उपाय केले जाईपर्यंत असते. म्हणजे किल्ली कायद्यातच ठेवलेली आहे. उपाय कोणते, तेवढं त्या ठिकाणापुरतं लिहायचं राहतं, आणि नेमकं तेच लिहिलं जात नाही.

आता हे उपाय म्हणजे काय ते बघू, कारण सगळा प्रश्न शेवटी पाण्याशी येऊन थांबतो. ट्रेल खराब होतो तो चाकाने कमी आणि पाण्याने जास्त. चाक माती सैल करतं, दाबून चाकोरी पाडतं. त्या चाकोरीतून पाऊस आणि वितळलेला बर्फ वाहायला लागतो. चाकोरीची ओघळ होते, ओघळीची घळ होते. घळ झाली की गाड्या तिच्या कडेने जातात, दुसरी चाकोरी पडते, आणि दोन-तीन हंगामांत आठ फुटांची वाट तीस फुटांची होते. वाहून गेलेली माती खालच्या ओढ्यात. ट्राउट मासा गोट्यांच्या फटीत अंडी घालतो. त्या फटी बारीक गाळाने बुजल्या की अंड्यांना प्राणवायू मिळत नाही. ट्रेल बंद करा म्हणणाऱ्यांचा मुद्दा एवढाच असतो आणि तो खरा असतो.

पाणी वाटेवरून बाहेर काढायची रीत जुनी आहे. पहिलं म्हणजे वाटेचा चढ डोंगराच्या आडव्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा. डोंगर २० टक्के उताराचा असेल तर वाट १० टक्क्यांच्या आत. त्याहून उभी वाट असली की पाणी बाजूला उतरतच नाही, वाटेलाच ओढा समजून धावतं. दुसरं, वाटेला दरीच्या बाजूने ५ टक्क्यांच्या आसपास कलंडवायचं. तिसरं, ठराविक अंतरावर पाण्याला बाहेरची दिशा द्यायची. भुसभुशीत दुमट मातीत १० टक्के चढ असेल तर हे अंतर साधारण ५० फूट येतं. खडी मिसळलेली चिकणमाती असेल तर दीडशे फुटांपर्यंत चालतं. मैलभर वाटेचा हिशेब करून बघा, म्हणजे काम किती आहे ते कळेल.

बहुतेक नव्या स्वयंसेवक गटांची चूक इथेच होते. पायवाटेवर चालतो तसा लाकडी ओंडका आडवा गाडून ते पाणी अडवायला जातात. गाडीच्या वाटेवर तो एक हंगामही टिकत नाही. चाक ओंडक्यावर चढताना घसरतं, फिरतं आणि ओंडक्याच्या आधी खड्डा खणतं. मग पाणी ओंडक्याखालून जातं, ओंडका उघडा पडतो आणि गाड्या त्याला वळसा घालतात. इथे लागतो रोलिंग डिप, म्हणजे वाटेलाच दिलेला लांब, सावकाश खोलगट भाग आणि त्याच्या उताराकडे मातीचा पसरट उंचवटा. चार दारांच्या जीप रँग्लरच्या दोन आसांतलं अंतर दहा फुटांच्या जवळ असतं, तेव्हा डिप आणि उंचवटा मिळून निदान तीस फूट लांबी हवी. आखूड केला तर पुढचं चाक आपटतं, लोक वेग घेतात आणि उंचवटा उडवतात. उंचवट्याची माती ओलसर असतानाच थरावर थर घालून धुमस करायची. कोरडी माती नुसती ओढून रचली तर महिन्याभरात सपाट होते. आणि जिथून पाणी बाहेर पडतं ते तोंड रुंद, बाहेर पसरत जाणारं आणि गवताकडे वळवलेलं हवं. ते तोंड ओढ्याकडे वळलं तर सगळी मेहनत उलटी लागू पडते. दर वर्षी त्या तोंडाशी साचलेला गाळ आणि चाकांनी कडेला उडवून तयार झालेला मातीचा बांध फावड्याने काढावा लागतो. डिप बुजला की खालचे दोन डिप त्याचं पाणी पेलू शकत नाहीत आणि एका मोठ्या पावसात तिन्ही जातात.

हाताने असा एक डिप करायला दहा जणांचा अख्खा दिवस सहज जातो. जेमतेम चार फूट रुंदीचा ट्रेल डोझर तेच काम दिवसाला कितीतरी ठिकाणी करतो, पण त्याला प्रशिक्षित चालक लागतो आणि पैसे लागतात. म्हणूनच माणसांचे तास कुठे खर्च होतात याला महत्त्व आहे.

उत्तर कॅरोलिनातल्या नांटाहाला नॅशनल फॉरेस्टमधल्या टेलिको ट्रेल्सचं काय झालं ते ऑफ-रोड गाडीवाल्यांच्या प्रत्येक क्लबने लक्षात ठेवावं. अमेरिकेच्या आग्नेय भागातली ही एक नावाजलेली ऑफ-रोड जागा, सुमारे ४० मैलांचं जाळं, टेलिको नदीच्या उगमाकडचा पाणलोट, भरपूर पाऊस आणि उभ्या वाटा. स्थानिक ब्रूक ट्राउटसाठी महत्त्वाचं पाणी. तिथे स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं राबून काम केलं होतं. पण वाद कचऱ्याचा किंवा पाट्यांचा नव्हताच, नदीत जाणाऱ्या गाळाचा होता. पर्यावरण संघटनांनी दाव्याची नोटीस दिली, आधी हंगामी बंदी आली, आणि ऑक्टोबर २००९ मध्ये सगळं जाळं कायमचं बंद करण्याचा निर्णय झाला. उभ्या उतारावरच्या जुन्या वाटांवर कितीही डिप केले तरी पाणी थोपत नाही. त्या वाटा आडव्या उतारावर नव्याने आखाव्या लागतात. ते करायला लागणारा पैसा आणि अभ्यास वेळेत उभा राहिला नाही. स्वयंसेवकांच्या तासांची वही कितीही जाड असली तरी नदीतल्या गाळाला ती उत्तर देऊ शकत नाही.

याच्या उलट उदाहरण कॅलिफोर्नियातल्या रुबिकॉन ट्रेलचं. २००९ सालीच सेंट्रल व्हॅलीच्या जल-गुणवत्ता मंडळाने एल डोराडो काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा स्थानिक कारभार) आणि फॉरेस्ट सर्व्हिस या दोघांवर सफाई आणि प्रतिबंधाचा आदेश बजावला. गाळ, माणसांची विष्ठा आणि गाड्यांतून सांडणारं तेल हे तीन प्रश्न. त्याआधी, २००४ मध्ये, स्पायडर लेकचा परिसर विष्ठेमुळेच बंद करावा लागला होता, म्हणजे तक्रार हवेतली नव्हती. मंडळाने नुसतं ‘बंद करा’ म्हटलं नाही. काय दुरुस्त करायचं, त्याचा आराखडा कधी द्यायचा, अहवाल कोणी द्यायचा हे लिहून दिलं. यादी हातात आल्यावर काम वाटून घेता आलं. ‘फ्रेंड्स ऑफ द रुबिकॉन’सारखे २००१ पासून संघटित झालेले गट, काउंटी आणि वाहन नोंदणीच्या पैशातून चालणाऱ्या राज्याच्या अनुदान योजना एकाच यादीवर काम करायला लागल्या. रोलिंग डिप, दगडी सोलिंग, एलिस क्रीकवर पूल, संडास, तेल शोषणाऱ्या पट्ट्यांचं किट आणि शौचाची पिशवी प्रत्येक गाडीत ठेवायचा आग्रह. ट्रेल आजही चालू आहे.

रुबिकॉनला एक मोठा फायदा होता हेही कबूल करायला हवं: ती काउंटीची सार्वजनिक वाट मानली जाते, म्हणजे तिला एक जबाबदार धनी आहे. सामान्य फॉरेस्ट ट्रेलला तो नसतो. पण मूळ फरक मला तिथे दिसत नाही. रुबिकॉनवर काम करणाऱ्यांना कोणत्या दगडासाठी राबतोय ते माहीत होतं. त्याच भागातल्या एल्डोराडो नॅशनल फॉरेस्टमध्ये २०१२ मध्ये ओल्या कुरणांतून जाणाऱ्या ४२ वाटा बंद झाल्या, तेव्हाही पुढच्या अभ्यासात वाटेगणिक तपासणी झाली. काही लगेच उघडता येतील, काहींवर आधी दुरुस्ती करावी असं ठरलं. वाटेगणिक, फुटाफुटाने लिहिलं की मार्ग निघतो.

मग हे सगळीकडे का होत नाही? कारण व्यवस्थेत एक गाठ बसली आहे. नवी आखणी करायची तर पर्यावरण अभ्यास हवा: वनस्पतीतज्ज्ञ, वन्यजीवतज्ज्ञ, जलतज्ज्ञ आणि पुरातत्त्वज्ञ यांनी ती जागा चालून बघायला हवी. ही माणसं वनाच्या जिल्हा कार्यालयात (वनाच्या एका विभागाचं कार्यालय) एखाद-दुसरी असतात आणि वणव्याच्या हंगामात तिकडे पाठवली जातात. अभ्यास नाही म्हणून अनुदानाचा अर्ज कच्चा ठरतो, कारण अनुदान देणारे ‘काम सुरू करायला तयार’ प्रकल्प आधी उचलतात. रिक्रिएशनल ट्रेल्स प्रोग्रॅममध्ये पैसा आहे. तो ऑफ-रोड गाड्यांनी भरलेल्या इंधन कराच्या हिशेबावरच उभा आहे, आणि त्यातला ३० टक्के मोटर ट्रेलसाठी, ३० टक्के पायी-सायकल-घोड्यांसाठी आणि ४० टक्के सगळ्यांच्या सामायिक वाटांसाठी राखलेला असतो. पण पैसा येत नाही म्हणून दुरुस्ती होत नाही, दुरुस्ती होत नाही म्हणून ट्रेल बंद, आणि बंद ट्रेलवर वर्दळ नाही म्हणून अभ्यासाच्या यादीत तो तळाला जातो. पाच वर्षांनी वाटेवर झाडं उगवलेली असतात आणि कोणीतरी म्हणतं, आता कशाला उघडायची?

माणसांच्या तुटवड्याची गोष्ट आजची नाही. संसदेच्या लेखा-तपास कार्यालयाने २०१३ मध्ये दिलेल्या अहवालात म्हटलं होतं की सुमारे १ लाख ५८ हजार मैल ट्रेलपैकी २०१२ च्या आर्थिक वर्षात जेमतेम ३७ टक्के मैलांवर थोडीफार देखभाल झाली, सर्व्हिसच्या स्वतःच्या दर्जाला फक्त चौथा हिस्सा उतरला, आणि तुंबलेली देखभाल ३१.४ कोटी डॉलरची होती. यावर उपाय म्हणून २०१६ च्या कायद्याने स्वयंसेवकांचा आणि भागीदारांचा देखभालीतला वाटा दुप्पट करायला सांगितलं. हा कायदा स्वयंसेवकांच्या खांद्यावर मोठा भार टाकून मोकळा झाला. पण स्वयंसेवक फुकट येतात म्हणजे त्यांना काही लागत नाही असं नाही. त्यांना करारावर सही करणारा अधिकारी लागतो, काम आखून देणारा माणूस लागतो, धोक्यांचा आराखडा मंजूर करणारा लागतो. २०२५ च्या आर्थिक वर्षासाठी वणव्याची कामं वगळता हंगामी भरती होणार नाही असं जाहीर झालं, आणि त्या वर्षाच्या फेब्रुवारीत नव्या, परिविक्षेवर असलेल्या कर्मचाऱ्यांची मोठी कपात झाली. क्लबचा फोन उचलणारी माणसं त्यांतच होती.

चेन सॉची गोष्ट घ्या. नॅशनल फॉरेस्टमध्ये करवत चालवायची तर प्रमाणपत्र लागतं, अ, ब, क अशा चढत्या श्रेणींचं म्हणा. प्रथमोपचार आणि सीपीआर लागतो. पायाला चॅप्स (करवतीपासून वाचवणारं जाड आवरण), हेल्मेट, डोळ्या-कानांचं संरक्षण लागतं. आणि दर तीन वर्षांच्या आत ते प्रमाणपत्र नवं करावं लागतं. हे सगळं योग्य आहे. ताणाखाली वाकलेला ओंडका चुकीच्या बाजूने कापला तर तो माणसाला उडवतो. पण प्रमाणपत्र देणारा वर्षात एकदाच वर्ग घेत असेल आणि तोही बर्फ वितळल्यावर दीड महिन्याने, तर वाटेवर पडलेली झाडं जुलैपर्यंत तशीच राहतात. तोवर आलेल्या गाड्या झाडाला वळसा घालतात, आणि तो वळसा पुढे ‘अनधिकृत वाट’ म्हणून बंदीच्या फायलीत जातो. एका कागदाच्या उशिरामुळे जमिनीवर जखम होते, आणि दोष वाहनचालकांच्या माथी बसतो. त्यांची ही चीड मला समजते.

वणव्यानंतरची बंदी हा वेगळा प्रकार. २०२१ च्या कॅल्डोर वणव्याने एल्डोराडो भागात दोन लाखांहून जास्त एकर जाळले. जळून उभं राहिलेलं झाड वर्षानुवर्षं, वारा नसतानाही पडू शकतं. त्याखाली स्वयंसेवक उभे करणं बेजबाबदारपणा ठरेल. इथे धीर धरावाच लागतो. मात्र तिथेही आदेश दर वर्षी नुसता पुढे ढकलण्यापेक्षा कोणत्या मैलावरची धोक्याची झाडं पाडली, कोणती राहिली, हे लिहिता येतं.

आता आपल्या, म्हणजे गाडीवाल्यांच्या, बाजूच्या चुका, कारण त्या झाकून ठेवल्या तर बाकीचं बोलायचा हक्क उरत नाही. अनेक ट्रेल ५० इंच किंवा त्याहून कमी रुंदीच्या वाहनांसाठी आहेत. बाजारात आज ६४ आणि ७२ इंचांच्या साइड-बाय-साइड (शेजारी-शेजारी बसायच्या ऑफ-रोड) गाड्या सर्रास विकल्या जातात. रुंद गाडी अरुंद वाटेवर घातली की दरीकडची कड ढासळते, आणि तिथे कलंडवलेली बाजू उलटी होऊन पाणी वाटेतच तुंबतं. वसंतात बर्फ वितळत असताना, माती लोण्यासारखी असताना केलेली एक फेरी उन्हाळ्यातल्या कितीतरी फेऱ्यांइतकी हानी करते. फाटकाचं कुलूप कापणारे, बंद वाटेच्या तोंडाशी रचलेल्या फांद्या ओढून काढणारे थोडेच असतात, पण निर्णय घेणाऱ्याच्या टेबलावर फोटो त्यांचाच जातो. आणि परवानगीशिवाय रात्री जाऊन ‘दुरुस्ती’ करणाऱ्यांना तर मी ट्रेलचे शत्रूच म्हणेन. त्यांनी चुकून एखाद्या पुरातन वसाहतीच्या थरात कुदळ घातली तर त्या वाटेचं नाव कायमचं पुसलं जातं. आपल्याकडे गडांवर श्रमदान करणाऱ्यांना पुरातत्त्व खात्याच्या परवानगीचं महत्त्व सांगावं लागत नाही. इथेही तेच आहे.

अजून एक गैरसमज फार पसरलेला आहे. २००१ च्या रोडलेस रूलने ५.८५ कोटी एकरांवर नवे रस्ते बांधायला बंदी घातली, म्हणून तिथले मोटर ट्रेल बंद झाले, असं अनेक जण म्हणतात. तो नियम रस्तेबांधणी आणि लाकूडतोडीबद्दल आहे. मोटर ट्रेल त्याने बंद केले नाहीत. चुकीच्या शत्रूशी लढण्यात गेलेली वर्षं परत येत नाहीत.

मग क्लबने करायचं काय? तासांची वही ठेवाच, कारण अनुदान घेणाऱ्याने स्वतः घालायच्या हिश्श्यात स्वयंसेवकांचे तास धरता येतात. हजेरीपत्रकावर सही नसेल तर तो हिस्सा बुडतो. पण वहीसोबत जमिनीचा पुरावा ठेवा. प्रत्येक खराब जागेचे अक्षांश-रेखांश, चाकोरीत उभी धरलेली मोजपट्टी, त्याच जागेवरून, त्याच दिशेने, दर वर्षी त्याच महिन्यात घेतलेला फोटो. पावसात जाऊन पाणी कुठून शिरतं आणि कुठे बाहेर पडतं ते टिपा. कोरड्या दिवशी हे कळत नाही. बंदीचा आदेश आला की त्यामागचा पाहणी अहवाल मागा. माहितीच्या कायद्याखाली उत्तराची मुदत २० कामकाजाच्या दिवसांची आहे. कलम २१२.५२ चा हवाला देऊन लेखी विचारा की कोणते उपाय झाले म्हणजे हानी दूर झाली असं मानलं जाईल. आणि मतं मागवण्याची मुदत चुकवू नका. २०१३ पासूनच्या हरकतींच्या नियमांनुसार, ज्याने मुदतीत, त्या प्रकल्पाबद्दल नेमकं मत नोंदवलं त्यालाच पुढे हरकत घेता येते. ‘आमचे ट्रेल वाचवा’ असं छापील पत्र हजार जणांनी पाठवलं तरी त्यातून हरकतीला लागणारा नेमका मुद्दा उभा राहत नाही. ‘अमुक क्रमांकाच्या वाटेवर मैल २.१ ला ओढा ओलांडताना गाळ जातो हे मान्य, तिथे साठ फूट सोलिंग आणि वरच्या बाजूला दोन डिप पुरतील, त्याचे मोजमाप सोबत’ असं एकाने लिहिलं तर त्याला उत्तर द्यावं लागतं.

अधिकारी म्हणतात, अटी लिहिल्या की आमचे हात बांधले जातात. उद्या अटी पुऱ्या झाल्या आणि तरीही दुसरं कारण निघालं तर? मग ते कारण लिहा. आज लिहिलेली अट उद्याचं नवं कारण रोखत नाही. आजच्या कारणावरून पाच वर्षं गप्प बसण्याची सोय मात्र ती काढून घेते. पर्यावरण संघटनांना भीती वाटते की अट लिहिली म्हणजे उघडण्यासाठी दबाव येणार. पण मोजता येणारी अट ओढ्याच्याच बाजूने असते: गाळ थांबला नाही तर वाट बंद राहते, आणि तेव्हा तक्रार करायला कोणाला तोंड उरत नाही. काही वाटा या कसोटीला उतरणारच नाहीत. उभ्या उतारावरची, ओल्या कुरणातून गेलेली, जिथे पर्यायी आखणीला जागाच नाही अशी वाट असेल तर तसं स्वच्छ सांगा, जमीन उकरून मूळ उतार परत द्या, पहिले शंभर फूट फांद्या आणि रोपांनी असे झाका की वाट होती हे दिसू नये, आणि स्वयंसेवकांना दुसऱ्या वाटेवर न्या. खरं उत्तर मिळालं तर माणसं पहार घेऊन त्या कामालाही येतात.

आदेशात हवा असलेला मजकूर फार तर अर्ध्या पानाचा आहे. नमुन्यादाखल असा: ‘मैल १.८ ते २.४ मध्ये वाटेवरचं पाणी थेट ओढ्याला मिळतं, म्हणून ही वाट बंद. या टप्प्यात ८ रोलिंग डिप करावेत, प्रत्येकाचं तोंड गवताकडे. मैल २.१ ला ओढ्याच्या दोन्ही बाजूंना ५० फूट दगडी सोलिंग. काम करार केलेल्या क्लबने करावं, देखरेख जिल्ह्याच्या ट्रेल प्रमुखाची. मैल २.३ चं वळण कुरणाबाहेर हलवण्याचा अभ्यास जिल्हा कार्यालय पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत पुरा करेल. त्यानंतरच्या पहिल्या बर्फवितळीनंतर, १५ जूनपर्यंत, जलतज्ज्ञ आणि क्लबचा प्रतिनिधी मिळून पाहणी करतील. डिपच्या तोंडातून निघालेला गाळ ओढ्याच्या काठापर्यंत पोचलेला नसेल, तर १ जुलैला फाटक उघडेल.’